जिला लागली, तिनं सांगायचं

"पिक्चरला आजून सतरा दिवस हायेत," आई म्हणाली, "आन् ह्या माणसानं शर्टाला आत्ताच इस्तरी मारून ठिवली. खुंटीला टांगलाय, कोणाला हात लावू दीना. जणू हिरो हेच हायेत."

"हिरोच आहेत," उज्ज्वला चपला काढत म्हणाली.

रविवार होता. आष्टीहून सकाळची एसटी धरून ती बीडला आली होती. आष्टीच्या तहसील कार्यालयात ती अव्वल कारकून. महिन्यातले दोन रविवार आईवडिलांचे. पिशवीत रस्त्यात वाचायचं पुस्तक आणि आण्णांसाठी शेंगोळ्यांना लागणारं हुलग्याचं पीठ. घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान, मागे दोन खोल्या. मोंढ्याच्या रस्त्यावरच्या त्या दुकानात आण्णांनी, म्हणजे बंकट मिस्त्रींनी, चाळीस वर्षं जळालेल्या पाणबुडी मोटरी नवी तार गुंडाळून भरून दिल्या होत्या. आज मात्र गिऱ्हाइकांच्या मोटरी भिंतीला सारलेल्या होत्या आणि टेबलावर ती पेटी उघडी पडली होती.

पेटी जुन्या टीव्हीच्या लाकडी खोक्यातून केलेली. समोर दोन बल्ब, एक लाल, एक हिरवा. वर विजेची घंटी. पोटात स्कूटरची बॅटरी आणि मोटरच्या स्टार्टरमधून काढलेली रिले. तलवारबाजीच्या सामन्यात कोणाचं टोक आधी लागलं, ते सांगणारी मशीन. आण्णांनी ती बावीस वर्षांपूर्वी उज्ज्वलाच्या शाळेसाठी केली होती, कुठेही न बघता, नुसतं खेळाच्या सरांकडून ऐकून.

"जेवलात का, आण्णा?"

"बस. हात धू. न्हाई, नको धूस, आधी हे धर."

त्यांनी तिच्या हातात एक बारीक काळी तार दिली. खेळाडूच्या जाकिटातून, बाहीतून पाठीपर्यंत जाणारी. एका टोकाला तलवार जोडायची, दुसरं टोक पाठीमागून पेटीकडे. त्या दुसऱ्या टोकाला तांबड्या लोकरीचा तुकडा बांधलेला होता. रंग उडाला होता, गाठ तशीच होती.

"वळखली?"

उज्ज्वलाने मान हलवली. ती लोकर तिने हजारदा पाहिली होती. "मोहिनीची."

"तिच्या पत्र्याच्या पेटीत व्हती इतकी वर्षं. परवा दिपाली घिऊन आली. म्हणं, काका, हे बी चालू करून द्या. आता सरळ धर."

दिपाली म्हणजे पिक्चरवाली. बीडमध्येच वाढलेली, पुण्यात शिकलेली. तलवार खेळणाऱ्या दोन पोरींच्या चढाओढीवर तिने पिक्चर काढला होता, ‘चौदा-चौदा’ नावाचा. नावं बदलली होती, पण बीडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की उंच ती उज्ज्वला, बुटकी ती मोहिनी. पालीला धरणाच्या कडेला शूटिंग झालं, तेव्हा अर्धं गाव बघायला गेलं होतं. पहिला खेळ इथल्या नाट्यगृहात व्हायचा होता, आणि स्टेजवर खरी पेटी, खऱ्या तारा मांडायच्या होत्या.

उज्ज्वलाने तार सरळ धरली. आण्णांनी तलवारीचं टोक टेबलावर दाबलं. लाल बल्ब लागला.

बटणाने तो विझवून ते म्हणाले, "आता मागचं टोक जरा वाकव. वाकल्यावर पाठ कशी व्हती, तसं."

तिने वाकवलं. आण्णांनी टोक दाबलं. बल्ब लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. नाही. तिने तार सरळ केली, लागला.

बाहत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं तिने गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी ब्लेडने टोकावरची नळी चिरली, चष्मा वर केला आणि तार डोळ्यांशी नेली.

"हे बघ. ही तार मोटरीची. हिच्यावर वार्निश असतं. ते खरवडल्याबिगर सोल्डरचा टाका बसत न्हाई, नुसता चिकटतो. शिकाऊ पोरगं बी हे चुकत न्हाई. आन् मी चुकलो. एका दिवसात सा तारा केलत्या. पाच खरवडल्या, सहावी ऱ्हायली." ते स्टुलावर मागे रेलले. "बावीस वर्षं मी पेटीत चूक हुडकीत व्हतो. दर दिवाळीला उघडायचो. चूक पेटीत नव्हतीच."

शाळेत तलवारबाजी आली ती पंडित सरांबरोबर. सर कुठल्याशा शिबिराहून चार तलवारी घेऊन आले, इपी प्रकारच्या. इपीत अंगाला कुठेही टोक टेकलं की गुण, डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. पण ते इतकं झटकन होतं की बघणाऱ्याला दिसत नाही, आणि मशीन तर नव्हती. मग सरांनी नियम केला. जिला लागली, तिनं सांगायचं. रिकामा हात वर करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘लागली’. दोन वर्षं पोरी अशाच खेळल्या, आणि कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

वाटलं ते आण्णांना. एकदा डबा द्यायला आले आणि तासभर उन्हात उभे राहिले. घरी येऊन आईला म्हणाले, "लई अवघड खेळ हाय. मार खायचा, आन् वरून आपणच बोंब मारायची, मला लागली म्हणून. आमच्या धंद्यात कोणी सांगतंय का, मोटर मीच जाळली?"

मोहिनी पालीची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहायची आणि रोज सायकलवर शाळेत यायची. डावखुरी, त्यामुळे तिची तलवार नको त्या बाजूने यायची. चण लहान, आणि एक डाव तिचा स्वतःचा: समोरची हात उगारते न उगारते तोच एकदम खाली बुडी मारायची आणि पायाच्या अंगठ्यावर टोक टेकवायचं. सर म्हणायचे, हा डाव शिकवून येत नाही. उज्ज्वला उंच, थंड डोक्याची, वाट बघणारी. दुसऱ्या कोणाशी खेळण्यात दोघींना चव राहिली नव्हती.

"मिस्तरीच्या पोरी, हात वर कर. अंगठा सुजला तुझा."

"केलाय की वर. आंधळी हायस का?"

"ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं म्हण."

"लागली. लागली. लागली. झालं?"

मग आण्णांनी पेटी केली. पोरींनी टाळ्या वाजवल्या, सरांनी नारळ फोडला. बल्ब लागला की गुण, न लागला की नाही. मशीन आली, तशी सांगायची सवय गेली. कोणी मोडली नाही; ती आपोआपच गेली.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत शेवटचा सामना दोघींचाच झाला. राज्याला एकच जाणार होती. चौदा-चौदा. एक गुण उरला होता. मोहिनीने बुडी मारली, आणि उज्ज्वलाच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टोक टेकलं. शंका घ्यायला जागाच नव्हती. त्या टोकाची तिच्या अंगठ्याला दोन वर्षांची ओळख होती. लाल बल्ब लागला नाही. उज्ज्वलाचा तलवारीचा हात सवयीने खाली आला, मोहिनीच्या खांद्यावर. हिरवा लागला. घंटी वाजली.

"माझी आधी लागली, सर," मोहिनी म्हणाली.

सरांनी तिला टोक जमिनीवर दाबायला लावलं. ताठ उभं राहून तिने तीनदा दाबलं, तीनदा लाल बल्ब लागला. मशीन चांगली होती. सर पेटीकडे बघत होते. मशीन आल्यापासून ते पोरींना विचारत नसत.

उज्ज्वलाचा डावा हात खालीच राहिला.

मोहिनीचे वडील परमेश्वर गर्दीत उभे होते. त्यांनी ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "मशीन घरची, पोरगी घरची. मंग निकाल बाहेरचा कसा लागंल?"

लोक हसले, आणि ते वाक्य बीडमध्ये राहिलं. उज्ज्वलाला राज्यात कांस्यपदक मिळालं आणि त्या पदकावर खेळाडूंच्या कोट्यातून पुढे नोकरी. मोहिनी त्या हंगामात आईबापाबरोबर फडावर गेली. परत येऊन शिकली, आणि वडवणीला शाळेत खेळ शिकवायला लागली. आणि आण्णा चहाला टपरीवर गेले की कोणीतरी म्हणायचंच, "काय मिस्तरी, मशीन घरची." चिडवणाऱ्यांना मूळ गोष्टही आठवत नव्हती. आण्णा एवढंच म्हणायचे, "मशीन माझीच हाय, खरं हाय," आणि चहा संपवायचे. शाळेसाठी त्यांनी पुन्हा काही बनवलं नाही.

"उज्ज्वला," आण्णा म्हणाले. ते तारेचं टोक पॉलिश पेपरने घासत होते, वर बघत नव्हते. "एक इचारू?"

"विचारा की."

"बल्ब माझ्या टाक्यामुळं लागला न्हाई, हे तर आज दिसलं. मंग त्या दिशी तिची लागलती का तुला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सरांनी नाही, आईने नाही, पिक्चरसाठी चार वेळा मुलाखत घेणाऱ्या दिपालीनेही नाही. उज्ज्वलाने आयुष्यात कितीतरी पुस्तकं वाचली होती. त्यांतली माणसं अशा वेळी बोलून मोकळी होत.

"आठवत नाही, आण्णा," ती म्हणाली. कचेरीत अर्जदाराला देतात तसं, स्वच्छ उत्तर.

"हां. लई वर्षं झाली. कसं आठवंल." त्यांनी तारेवर फुंकर मारली. घासलेलं तांबं उजळलं होतं. "पिक्चरच्या दिशी मोहिनीला सांगतो. म्हणतो, बाई, टाका माझा कच्चा व्हता. माझ्याकडचं एवढं. बाकीचं ज्याचं त्याला ठाव."

मग ते जेवायला उठले. धपाटे होते, ते चार खाल्ले. आई म्हणाली, "दोनावर कधी जात न्हाई हा माणूस, आज काय घबाड घावलं का?"

"घावलं," आण्णा म्हणाले.

संध्याकाळी ते तिला एसटी स्टँडवर सोडायला आले. नको म्हटलं तरी पिशवी त्यांनीच धरली. रसवंतीसमोर बद्रीनाथ भेटला, बोअरच्या पाइपांचा दुकानदार. "काय मिस्तरी, पिक्चर निघाला म्हणं तुमचा. मशीन घरची."

आण्णा थांबले. "मशीन घरची हाय, बद्रीनाथ. आन् चूक बी घरचीच निघाली. आज घावली."

"कंची चूक?"

"या बुधवारी न्हाई, पुढच्या न्हाई, त्याच्या पुढच्या. नाट्यगृहात ये, सांगतो."

बद्रीनाथला काही कळलं नाही. आण्णा मात्र स्टँडपर्यंत हसत होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून तिच्या मांडीवर पिशवी ठेवली, वरून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच. उजेड हाय आजून."

सोमवारी दुपारी कचेरीत आईचा फोन आला. "उज्ज्वले, ये. गाडी करून ये."

"काय झालं?"

"तू ये."

आण्णा स्टुलावरच गेले होते, टेबलावर डोकं टेकून. समोर मोहिनीची तार होती. नवा टाका चमकत होता, वर नवी नळी चढवलेली होती, आणि तांबडी लोकर जशी होती तशी परत बांधलेली होती. सोल्डरिंगचा प्लग त्यांनी काढून ठेवला होता. हातातलं काम संपवून मगच ते टेकले होते.

शनिवारी तेरावा झाला. पाहुणे पांगले. मंगळवारी उज्ज्वला म्हणाली, "मी काही जात नाही पिक्चरला. लोक काय म्हणतील?"

"लोक बावीस वर्षं म्हणतेतच," आई म्हणाली. "जायचं. मी बी येते. त्यांना जायचं व्हतं."

बुधवारी नाट्यगृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आईने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. जो येई तो विचारी, मावशी, इथं कोणी आहे का? आई म्हणे, "माणूस हाय." पिशवीत इस्त्री केलेला शर्ट होता, हे फक्त उज्ज्वलाला ठाऊक होतं.

मोहिनी बाहेरच्या दालनात भेटली. केसांत पांढरी झाक, गळ्यात शिट्टी, मागे एका रंगाच्या टी-शर्टमधल्या सात पोरी. दोघी बऱ्याच वर्षांनी समोरासमोर उभ्या होत्या.

"मिस्तरीची पोरगी," मोहिनी म्हणाली.

"ये ना, मोहे. कधी आलीस?"

"दहाव्याला बी आलते. मागं व्हते, तू बघितलं न्हाईस." तिने विचारलं, "काकांनी तार चालू केली म्हणं. काय झालतं तिला?"

"टाका कच्चा होता. पाठीमागच्या टोकाचा. सरळ असली की चालायची, वाकलीस की तुटायची. आण्णांना त्या रविवारी सापडलं. ते आज तुला स्वतः सांगणार होते. माझा टाका कच्चा होता, म्हणणार होते."

मोहिनी पोरींकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "आमचे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, मिस्तरीनं काय तरी केलं. मला तसं वाटलं न्हाई कधी. मला वाटायचं माझं टोकच पोचलं न्हाई. मशीन तीनदा लागली ना. म्हणजे मीच कमी पडले." ती हसली. "ह्या पोरींना मी सगळं शिकवते. पायावर मारायचं तेवढं शिकवत न्हाई. म्हणते, पायाचा भरवसा न्हाई. ऐन वक्ताला दगा देतो."

उज्ज्वलाच्या तोंडाशी काही आलं होतं. तेवढ्यात दारं उघडली आणि सात पोरी मोहिनीला आत ओढत घेऊन गेल्या.

पिक्चर चांगला होता. दिपालीने धरणाचं पाणी, फडावर जाणाऱ्या ट्रॅक्टरची रांग, सायकलच्या हँडलला अडकवलेली तलवार, सगळं जसंच्या तसं दाखवलं होतं. पोरींच्या टोमण्यांना लोक हसले. मग शेवटच्या सामन्याआधीचा प्रसंग आला. बाप एकटाच पेटीजवळ. हातात स्क्रू फिरवायचा पेचकस. तो लांब उभ्या असलेल्या लेकीकडे बघतो, खाली वाकतो आणि काहीतरी फिरवतो. आवळलं की सैल केलं, ते दिसत नाही. तिथेच प्रसंग तुटतो. दिपालीने आधीच सांगितलं होतं, "ताई, मी तो प्रश्न मोकळा ठेवलाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "मशीन घरची." सगळं सभागृह हसलं.

हा प्रसंग घेतला तेव्हा आण्णा पालीला हजर होते. सगळं बघून ते त्या नटाजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "पेचकस असा धरत न्हाईत, साहेब. असा धरायचा." आता पडद्यावर त्या माणसाच्या हातात पेचकस अगदी आण्णांसारखा होता. उज्ज्वलाने आईकडे पाहिलं. आईचा हात पिशवीवर होता.

पिक्चर संपला. टाळ्या थांबल्यावर दिपालीने दोघींना स्टेजवर बोलावलं. पेटी मांडलेली होती, तारा जोडलेल्या होत्या. पिक्चरमधली पांढरी जाकिटं आणि जाळीचे मुखवटे दोघींना घालायला दिले. तांबड्या लोकरीची तार मोहिनीने स्वतः जाकिटातून ओवून घेतली.

"आता आपल्या दोन्ही ताई तलवारीनं सलामी देतील," दिपाली माइकवर म्हणाली. "फोटोवाल्यांनी पुढं या."

"नुसती सलामी नको," उज्ज्वला म्हणाली. "एक पॉईंट खेळू, मोहे. चौदा-चौदा."

"गुडघं वाजतेत माझं."

"माझे पण."

"चल मंग."

फोटोवाले बाजूला सरले. दोघींनी सलामी दिली. मुखवट्याच्या जाळीतून समोरची माणसं पुसट झाली आणि फक्त ती डावी तलवार उरली, नको त्या बाजूने येणारी. मोहिनी दोनदा पुढे आली, दोनदा मागे गेली. उज्ज्वलाचे पाय जड झाले होते, पण हाताला सगळं आठवत होतं. तिने वाट बघितली, जशी नेहमी बघायची. मोहिनीचा खांदा किंचित खाली गेला.

"मॅडम, पायावर नको," पोरींच्या रांगेतून आवाज आला.

मोहिनीने बुडी मारली.

सतरा वर्षांच्या पोरीची ती बुडी नव्हती. गुडघा टेकला. पण उज्ज्वलाची तलवार खाली येईपर्यंत उजव्या पायाच्या अंगठ्यावर टोक टेकलेलं होतं. तेच, तिथेच. मोहिनीची पाठ पुरती वाकलेली होती आणि पाठीवर तार वाकलेली होती.

लाल बल्ब लागला. घंटी वाजली, जरा घोगरी, पण लांबपर्यंत ऐकू जाईल अशी.

लोक उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. वडवणीच्या पोरी खुर्च्यांवर चढल्या. मोहिनी एका गुडघ्यावर तशीच बसून त्या बल्बकडे बघत होती. उज्ज्वलाने मुखवटा काढला. तलवार उजव्या हातात खाली धरली आणि डावा हात वर केला, पुरता, कोपर ताठ करून.

"लागली," ती म्हणाली.

मोहिनीने मान वर केली. इतक्या वर्षांत तिच्यासमोर कोणी असा हात वर केला नव्हता. जुनं हसू तिच्या ओठांवर आलं. "ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं म्हण."

दिपालीच्या हातातला माइक उज्ज्वलाने घेतला. डावा हात खाली आणला नाही. माइक धरायला तिने तलवार पायाशी ठेवली.

"आज लागली," ती म्हणाली, "आणि त्या दिवशीही लागली होती."

शिट्ट्या थांबल्या.

"चौदा-चौदाला. माझ्या आधी हिची लागली, इथेच, ह्याच अंगठ्यावर. मला कळलं होतं. हात वर करायचा हा आमचा नियम होता. मी केला नाही. मशीनमध्ये काही नव्हतं. हिच्या तारेचा एक टाका कच्चा राहिला होता. तो माझ्या वडिलांनी बावीस वर्षं शोधला, जायच्या आदल्या दिवशी त्यांना तो सापडला, आणि जाण्याआधी त्यांनी तो नीट केला. आत्ता तुम्ही बल्ब बघितलात. वडिलांकडून चूक झाली, ती एवढी. लपवलं ते मी."

तिसऱ्या रांगेत बद्रीनाथ बसला होता. तो आपल्या हातांकडे बघत होता.

मोहिनी गुडघ्यावर हात देऊन उठली. ती उज्ज्वलाकडे वळली नाही. आधी आपल्या पोरींकडे वळली.

"ऐकलं का गं?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "पोचलतं टोक. उद्यापासून पाय शिकायचा."

पोरींनी एकच गलका केला. मग टाळ्या सुरू झाल्या, मागून पुढे येत गेल्या, आणि कोणी सुरू केल्या ते कोणाला सांगता आलं नसतं. मोहिनीने शेजारी उभं राहून तलवार कपाळाशी नेली आणि खाली आणली. सलामी. उज्ज्वलाने पायाशी ठेवलेली तलवार उचलून तशीच सलामी दिली. पेटीवरचा लाल बल्ब अजून लागलेलाच होता. आण्णांनी तो तसाच केला होता; हाताने बंद करेपर्यंत विझायचा नाही, म्हणजे नंतर कोणी वाद घालू नये.

उज्ज्वलाने माइक दिपालीला परत दिला आणि स्टेजच्या कडेला आली. खाली पहिल्या रांगेत आई उभी राहिली नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. तिने शेजारच्या खुर्चीवरच्या पिशवीचे बंद सोडले होते, आणि आतल्या शर्टाची पांढरी कॉलर दिसत होती, इस्त्रीची घडी न मोडलेली.

उज्ज्वला त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. टाळ्यांत तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही, आणि जायची गरजही नव्हती.

"लागलती, आण्णा," ती म्हणाली.